मैत्रिणीला ४२, तुम्हाला ३१: नर्सिंगच्या असाइनमेंटमधले असमान गुण आणि हुकलेली मुदत कशी हाताळायची

दोघींचे पेशंट एकाच आजाराचे, केअर प्लॅनही (रुग्णाच्या शुश्रूषेचा लेखी आराखडा) जवळपास सारखे, फक्त तपासणाऱ्या मॅडम वेगळ्या. एकीला ५० पैकी ४२ पडतात, दुसरीला ३१. दुसरी मैत्रिणीची फाइल काखेत मारते आणि थेट प्राचार्यांच्या केबिनबाहेर जाऊन उभी राहते. पुढचा प्रसंग मी एकदा नाही, तीन-चारदा पाहिलाय. दोन्ही फाइली शेजारी-शेजारी ठेवल्या जातात, 'एवढं सारखं कसं काय?' असा प्रश्न निघतो आणि गुण राहतात बाजूला, कॉपीची चौकशी सुरू होते.

अशा वेळी विद्यार्थ्याचं म्हणणं पुष्कळदा खरं असतं. त्याचा क्रम चुकतो. मी आधी विद्यार्थिनी म्हणून आणि नंतर तपासणारी म्हणून टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसले आहे. पुढे दिलेला क्रम त्या अनुभवातून आला आहे. त्यातल्या पहिल्या चार पायऱ्या गुण लागायच्या आधीच्या आहेत, आणि नेमक्या त्याच लोक गाळतात.

## १. सत्राच्या पहिल्या आठवड्यात नियम उतरवून घ्या

कोर्सचं हँडबुक उघडा आणि एका कागदावर चार गोष्टी लिहा: प्रत्येक असाइनमेंटचं वेटेज (अंतिम निकालातला तिचा वाटा), मुदतीची तारीख आणि वेळ, उशिराचा नियम, आणि गुणांवर हरकत घ्यायला किती दिवस मिळतात. हा शेवटचा आकडा बहुतेकांना हरकत घ्यायची वेळ आल्यावरच कळतो, आणि तोवर दिवस संपलेले असतात.

उशिराचा नियम नीट वाचा. 'दर दिवसाला १० टक्के कपात' हे वाक्य सरळ दिसतं, पण त्याचे तीन अर्थ निघतात. समजा, ५० गुणांची असाइनमेंट आहे, तुम्हाला ४० मिळाले आणि तुम्ही दोन दिवस उशीर केलात. कपात एकूण गुणांवर असेल तर १० जातील आणि ३० उरतील. मिळालेल्या गुणांवर असेल तर ८ जातील, ३२ उरतील. रोज उरलेल्यावर १० टक्के धरले तर ३२.४. त्यात शनिवार-रविवार मोजायचे की नाही, हा आणखी वेगळा प्रश्न. हँडबुकात स्पष्ट नसेल तर पहिल्याच आठवड्यात एका ओळीचा मेल करून विचारा. तेव्हा तो साधा प्रश्न असतो, मुदत हुकल्यावर विचारलात तर त्याला पळवाटेचा वास येतो.

वेटेजचा उपयोग पुढे होईल. ५० पैकी ११ गुणांचा फरक मोठा वाटतो, पण त्या असाइनमेंटचं वेटेज १० टक्के असेल तर अंतिम निकालात तो २.२ गुणांचाच होतो. पास-नापासाच्या रेषेवर असाल तर २.२ साठीही जरूर भांडा. एरवी भांडणात किती आठवडे घालवायचे ते हा आकडा समोर ठेवून ठरवा.

तपासा: लेखी असाइनमेंट, वॉर्डात जाण्यापूर्वीची तयारी आणि लॉगबुक (केलेल्या कामांची सह्यांसह नोंदवही) या तिघांना उशिराचा एकच नियम लागतो असं गृहीत धरू नका. सहसा तसं नसतं.

## २. लिहिण्याआधी, तपासणारं कोण आणि कशावर तपासणार ते विचारा

नर्सिंगमध्ये गुण असमान पडण्याचं एक कारण अगदी साधं आहे. एका वर्गाच्या पाच-सहा क्लिनिकल गटांना पाच-सहा वेगळे इन्स्ट्रक्टर असतात. कुणी आयसीयूत वर्षं काढलेली, तिचं लक्ष आधी श्वसनमार्ग, श्वास आणि रक्ताभिसरण या प्राधान्यक्रमावर जातं. कुणी सामुदायिक आरोग्यातून आलेली, ती डिस्चार्जनंतरचं शिक्षण शोधते. रूब्रिक, म्हणजे गुणविभागणीचा तक्ता, दोघींच्या हातात एकच असतो. पण 'समर्पक नियोजन: १० गुण' एवढंच त्यात लिहिलेलं असेल, तर 'समर्पक' म्हणजे काय हे ज्याचं त्याने ठरवायचं.

शिवाय थकवा असतोच. मी स्वतः एका बैठकीत ४० केअर प्लॅन तपासायला घेतले होते. तिसऱ्याला जे चाललं ते अडतिसाव्याला चाललं नाही, हे नंतर आकडे पडताळताना माझं मलाच दिसलं आणि मला मधले पुन्हा तपासावे लागले. सगळ्यांनाच तेवढा वेळ मिळतो असं नाही.

म्हणून तुमचा केअर प्लॅन तपासणाऱ्या व्यक्तीला आधीच तीन प्रश्न विचारा. नर्सिंग डायग्नोसिस, म्हणजे नर्सने ओळखून मांडलेल्या रुग्णाच्या समस्या, किती हवेत, एक सखोल की तीन? रॅशनालला, म्हणजे प्रत्येक कृतीमागच्या कारणाला, संदर्भ द्यायचा का, आणि कोणत्या पद्धतीने? प्राधान्यक्रम मांडला तर त्याचं कारण लिहायचं का? उत्तर तोंडी मिळालं तर संध्याकाळी 'आपण सांगितल्याप्रमाणे मी तीन डायग्नोसिस घेत आहे' असा दोन ओळींचा मेल टाकून ठेवा.

काही गुण मात्र कुणीही तपासलं तरी जातातच. तिथे असमानतेचा दोष देऊन उपयोग नाही. हे वाक्य बघा:

'रुग्णाला वेदना आहेत. ध्येय: रुग्णाला बरं वाटेल.'

आणि हे:

'शस्त्रक्रियेच्या जखमेमुळे तीव्र वेदना. रुग्ण वेदना १० पैकी ७ सांगतो, कुशीवर वळणं टाळतो, पोटावर हात धरून ठेवतो. ध्येय: वेदनाशामक दिल्यापासून तासाभरात रुग्ण वेदना ३ किंवा त्याखाली सांगेल.'

दुसऱ्यात समस्या आहे, कारण आहे, पुरावा आहे, आणि ध्येय मोजता येतं. पहिल्याला कडक इन्स्ट्रक्टर ३ देईल, सैल इन्स्ट्रक्टर ६. दुसऱ्याला दोघेही ८ च्या आसपास येतील. सैल लिहिलेल्या उत्तरावर तपासणाऱ्याचा स्वभाव जास्त चालतो, असा माझा अनुभव आहे.

आणखी एक नेहमीची चूक: 'पडण्याचा धोका', 'संसर्गाचा धोका' अशा डायग्नोसिसखाली लक्षणं लिहिणं. समस्या अजून उद्भवलेलीच नसते, तर लक्षणं कुठून येणार? तिथे फक्त धोक्याची कारणं लिहायची. हे गुण कापले गेले तर मुकाट्याने मान्य करा.

## ३. जमा करताना पावती घ्या

हा टप्पा पाच मिनिटांचा आहे आणि यात माझा एकदा शून्य झाला आहे. मूडलवर, म्हणजे असाइनमेंट जमा करायच्या ऑनलाइन पोर्टलवर, फाइल चढवली, नाव दिसलं, लॅपटॉप मिटला. पानावर वर बारीक अक्षरात 'ड्राफ्ट' असं लिहिलेलं होतं ते पाहिलंच नाही. काही असाइनमेंटना फाइल चढवल्यावर 'सबमिट'चं वेगळं बटण दाबावं लागतं, आणि ते दाबेपर्यंत काम मसुदाच राहतं. आठवड्याने यादीत माझ्या नावापुढे 'जमा नाही' लागलं. फाइल चढवल्याची वेळ सर्व्हरवर दिसत होती म्हणून मला अर्धे गुण तरी परत मिळाले.

जमा केल्यावर क्रमाने हे करा:

१. स्थिती 'ड्राफ्ट' आहे की 'सबमिटेड', ते वाचा.
२. चढवलेली फाइल तिथूनच पुन्हा उतरवून उघडा. मागच्या आठवड्याची फाइल चढलेली असणं किंवा शेवटचं पान गायब असणं, हे आपण समजतो त्यापेक्षा जास्त घडतं.
३. वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या. पावतीचा मेल येत असेल तर तो एका फोल्डरमध्ये ठेवा.

टर्निटिन (मजकूर दुसरीकडच्या मजकुराशी किती जुळतो ते तपासणारं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर आणखी एक हिशेब ठेवा. तीच असाइनमेंट तीनदा बदलून पुन्हा जमा केली की त्यानंतरच्या साम्य-अहवालाला २४ तास लागतात. मुदतीच्या रात्री चौथ्यांदा बदलून 'अहवाल बघून मग ठरवू' असं म्हणत बसाल तर सकाळ होईल.

सावधान: 'रात्री १२' अशी मुदत दिसली की ती आजच्या दिवसाची सुरुवात की शेवट, ते विचारून घ्या. गोंधळ असेल तर अलीकडची रात्र धरा.

## ४. मुदत हुकणार असं दिसलं की

दिसलं की, म्हणजे हुकल्यावर नव्हे. मुदतीआधी ३० तास आलेला मेल आणि मुदतीनंतर ३ तासांनी आलेला मेल, दोन्हींतलं कारण तेच असलं तरी त्यांना मिळणारं उत्तर एक नसतं.

मेल छोटा ठेवा:

'आदरणीय मॅडम, हृदयविकाराच्या रुग्णाचा केअर प्लॅन गुरुवारी रात्री ११:५९ पर्यंत द्यायचा आहे. सोमवारपासून मला ताप आहे, डॉक्टरांचं प्रमाणपत्र सोबत जोडलं आहे. असेसमेंट आणि दोन डायग्नोसिस झाली आहेत, तिसरं आणि मूल्यमापन राहिलं आहे. शनिवारी दुपारी २ पर्यंत मुदतवाढ मिळू शकेल का? न मिळाल्यास झालं आहे तेवढं गुरुवारी जमा करेन.'

यात कारण आहे, पुरावा आहे, काम कुठवर आलं ते आहे आणि नवी तारीख तुम्ही स्वतः सुचवलेली आहे. 'जरा वेळ मिळेल का' असं लिहिलं की समोरच्याला विचार करावा लागतो, आणि पन्नास मेल पडलेला माणूस विचार लांबणीवर टाकतो. घरच्या अडचणींचा सगळा पाढा वाचायची गरज नाही. आणि उत्तर आलं नाही म्हणजे होकार मिळाला, असं कधीही धरू नका.

मुदतवाढ नाकारली तर गणित करा. अर्धवट काम वेळेवर दिलं तर साधारण ६० टक्के मिळतील आणि पूर्ण केलं तर ७५, असा अंदाज आहे. कपात रोज एकूण गुणांच्या १० टक्के. एक दिवस उशिरा पूर्ण दिलं तर ६५, म्हणजे फायदा. दोन दिवस लावले तर ५५, म्हणजे आहे तसंच दिलेलं बरं. मी पाहिलेले बहुतेक विद्यार्थी हे गणित न करता 'आता उशीर झालाच आहे तर नीटच करू' म्हणून चार दिवस घेतात आणि उत्तम केअर प्लॅनला ४० टक्के मिळवतात.

वॉर्डात जाण्यापूर्वीची तयारी या गणितात बसत नाही. पेशंटची औषधं, त्यांचे डोस, दुष्परिणाम, लॅबचे आकडे हे न वाचता वॉर्डात उभं राहणं हा गुणांचा विषय उरत नाही, तो पेशंटच्या सुरक्षिततेचा होतो. पुष्कळ ठिकाणी अशा विद्यार्थ्याला परत पाठवतात आणि त्या दिवसाची गैरहजेरी लागते. वेळ कमी असेल तर लेखी असाइनमेंट उशिरा जाऊ द्या, औषधांची कार्डं आधी पुरी करा.

लॉगबुकची सही राहिली असेल तर: मागची तारीख टाकून सही घेऊ नका, कुणी देतो म्हणाला तरी. पेशंटच्या नोंदीत राहून गेलेली गोष्ट 'उशिरा नोंद' असं लिहून आजच्या तारीख-वेळेसह घालायची, आणि काम प्रत्यक्ष केव्हा झालं ते त्यातच नमूद करायचं, हे आपण पहिल्या वर्षात शिकतो. लॉगबुकलाही तेच लागू. उशिरा सहीने थोडे गुण जातील, खोट्या तारखेने अख्खं लॉगबुक संशयाखाली येतं.

## ५. गुण लागले: पहिला दिवस काही पाठवू नका

रागात लिहिलेला मेल मसुद्यात ठेवायचाही धोका पत्करू नका, चुकून जातो. वहीत लिहा.

दुसऱ्या दिवशी रूब्रिक आणि तुमची असाइनमेंट शेजारी ठेवा. आधी बेरीज करा. मी गंमत करत नाही. भागांची बेरीज ३६ आणि वर लिहिलेले ३१, हे प्रकरण दोन मिनिटांत मिटतं. मग रूब्रिकच्या प्रत्येक ओळीपुढे लिहा: किती मिळाले, शेरा काय आहे, आणि माझ्या कामात ते कोणत्या पानावर आहे.

आता कापलेल्या प्रत्येक गुणाला एक नाव द्या:

हिशेबाची चूक. बेरीज चुकली, उशिराची कपात दोनदा झाली, किंवा मुदतवाढ मिळाली असताना कपात झाली.

नजरेतून सुटलेलं. शेरा म्हणतो 'मूल्यमापन नाही' (म्हणजे ध्येय गाठलं का याची नोंद नाही), पण मूल्यमापन पान ६ वर आहे. बहुतेक वेळा ते वेगळ्या शीर्षकाखाली किंवा तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात दडलेलं असतं, म्हणजे पुढच्या वेळी मांडणी तुम्हीही बदलायची.

परस्परविरोध. मागच्या रोटेशनला (वॉर्डातल्या पाळीला) जी मांडणी 'उत्तम' ठरली तिच्यावर या वेळी ५ गुण गेले, किंवा मेलमध्ये सांगितलं एक आणि कापलं दुसऱ्याच गोष्टीसाठी.

मताचा फरक. प्राधान्यक्रम तुम्ही वेदनेला दिला, मॅडमच्या मते श्वसनाला द्यायला हवा होता.

पहिल्या दोन प्रकारांत तुमची बाजू भक्कम. तिसऱ्यात लेखी पुरावा असेल तर भक्कम. चौथ्यात गुण वाढवून मागू नका, कारण समजून घ्या. सगळ्या प्रकारांचं एकच गाऱ्हाणं केलंत तर चौथ्यावरून वाद सुरू होतो आणि त्यात पहिले दोनही बुडतात.

सावधान: या तक्त्यात मैत्रिणीचे गुण येता कामा नयेत. तुलना रूब्रिकशी करायची. तिच्या ४२ वरून फार तर इतकंच सिद्ध होतं की तिला जास्त मिळाले असावेत.

## ६. ज्यांनी तपासलं त्यांच्याकडे आधी

'मला ३१ का पडले?' हा प्रश्न विचारू नका. हा विचारा: 'रूब्रिकच्या चौथ्या ओळीत मूल्यमापनाला ८ पैकी ० आहेत. माझं मूल्यमापन पान ६ वर, तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात आहे. कृपया पुन्हा पाहाल का? आणि रॅशनालमध्ये पूर्ण गुणांसाठी नेमकं काय हवं होतं, ते समजून घ्यायला दहा मिनिटं भेटता येईल का?'

भेटीला रूब्रिक, असाइनमेंट आणि तुमचा तक्ता न्या. आई-वडील आणि मैत्रिणी दाराबाहेर. आधी ऐका, लिहून घ्या, मध्ये तोडू नका. कधी कधी त्या पाच मिनिटांत आपलंच वाक्य आपल्याला चुकीचं दिसतं. तसं झालं तर तोंडाने कबूल करा, उरलेले मुद्दे जास्त गांभीर्याने ऐकले जातात.

उशिराचा विषय आणि गुणांचा विषय एकाच भेटीत काढू नका. 'एक तर कमी गुण दिले, वर उशिराचेही कापले' असं म्हटलं की तुमच्या तक्रारीतला बळकट भाग दुबळ्या भागाला बांधला जातो.

त्याच दिवशी काय ठरलं ते मेलने कळवा, आभार मानून. आणि जाण्यापूर्वी हे लक्षात असू द्या की पुन्हा तपासणीत गुण कमीही होऊ शकतात. काही संस्थांचा तसा नियमच असतो, हँडबुकात बघा.

## ७. तिथे सुटलं नाही तर, एकेक पायरी

क्रम साधारण असा असतो: तपासणारे, मग कोर्स समन्वयक, मग विभागप्रमुख, शेवटी औपचारिक अपील. मधली पायरी गाळली तर वरचा माणूस तुम्हाला खालीच पाठवतो, आणि दिवस मात्र मोजले जात राहतात.

समन्वयकांकडे 'मला न्याय द्या' म्हणून जाऊ नका. दुसऱ्या इन्स्ट्रक्टरकडून, पहिले गुण झाकून, तपासणी करून घेण्याची विनंती करा. सगळ्या गटातच फरक दिसत असेल तर वर्गप्रतिनिधीमार्फत बोला, नावं न देता: 'अ गटात गुण ३८ ते ४५, ब गटात २६ ते ३४, रूब्रिक एकच. तपासणाऱ्यांनी काही नमुने एकत्र तपासून मोजमाप जुळवून घ्यावं.' अशा विनंतीत कुणावर आरोप होत नाही, म्हणून ती मान्य करणं सोपं जातं.

औपचारिक अपिलात सहसा प्रक्रिया बघतात: रूब्रिक पाळलं का, जाहीर केलेला नियम मध्येच बदलला का, मान्य झालेली मुदतवाढ विसरली गेली का. 'माझा केअर प्लॅन यापेक्षा चांगला होता' हे कारण तिथे क्वचितच टिकतं. अर्ज एका पानाचा करा, तारखेनुसार घटना लिहा, मेल आणि पावत्यांना क्रमांक देऊन जोडा. पेशंटचं नाव, नोंदणी क्रमांक, खाट क्रमांक कुठल्याही जोडणीत राहिला नाही ना, ते दोनदा पाहा. वॉर्डातल्या केसपेपरचा फोटो पुरावा म्हणून जोडलात तर गुणांचा प्रश्न मागे पडेल आणि गोपनीयतेच्या भंगाचं नवं प्रकरण उभं राहील.

वॉर्डातल्या कामाच्या मूल्यमापनात असाइनमेंटसारखा कागद हातात नसतो, म्हणून तो आधीच तयार करावा लागतो. दर आठवड्याच्या शेवटी इन्स्ट्रक्टरना विचारा: 'या आठवड्यात काय नीट झालं, काय सुधारायचं?' उत्तर तारखेसह वहीत लिहा, जमलं तर त्यावर सही घ्या. सहा आठवडे 'ठीक आहे' ऐकून शेवटी 'असमाधानकारक' असा शेरा आला, तर ती वहीच तुमचा पुरावा. आणि चौथ्या आठवड्यातच 'औषध देण्यापूर्वी ओळख पडताळत नाही' अशी नोंद तीत असेल, तर अपिलाची घाई सोडा. स्किल लॅबमध्ये पुन्हा सरावाची वेळ मागा आणि त्यानंतर परत तपासणी कधी होईल, ती तारीख लिहून घ्या.

अपील चालू असताना पोस्टिंग आणि पुढची असाइनमेंट थांबवू नका. निकाल विरुद्ध लागला तर कारणं लेखी मागा, कारण पुढच्या रोटेशनला कदाचित त्याच इन्स्ट्रक्टर असतील आणि ती कारणं म्हणजेच त्यांचं रूब्रिक. सगळे मेल, पावत्या आणि वही अंतिम गुणपत्रिका हातात येऊन तिच्यातले आकडे तुमच्या नोंदींशी जुळेपर्यंत जपून ठेवा. मान्य झालेला बदल प्रत्यक्ष गुणपत्रिकेवर चढवायचा राहून गेलेला मी दोनदा पाहिला आहे.